बांधीतलं हिरवं, तलावातलं हिरवं

धानाचा रोवणा आटोपून आठ-दहा दिवस झाले, पऱ्हे मुळावर लागले आणि वरून दोन-चार दिवस उघाड पडली, की आमच्याकडे बांधीतल्या पाण्यावर एक पातळ थर धरतो. कुठे निळसर हिरवा, कुठे तपकिरी, दुपारच्या उन्हात बारीक बुडबुडे अडकलेला. धुऱ्यावरून जाणारा माणूस त्याच्याकडे बघतही नाही. मी बघते. लाखांदूर तालुक्यात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, घरी धानाची शेती आहे, आणि या थरातल्या जिवांचं मला मनापासून वेड आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्याबद्दल जगभर जे संशोधन झालं, ते आपल्या धानपट्ट्यातल्या लोकांना कळायला हवं असं मला वाटतं, कारण ते आपल्या बांधीचं आणि आपल्या तलावाचंच आहे.

यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. शाळेच्या पुस्तकात निळं-हिरवं शेवाळ म्हणून आलेले, पण आहेत जिवाणू. हवेतला प्राणवायू मुळात यांनी तयार केला. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत तो साचायला लागला, तो यांच्यामुळे. आपल्या गडचिरोलीच्या सुरजागडचं लोखंड ज्या पट्टेदार खडकात आहे, तसे खडक जुन्या समुद्रात विरघळलेलं लोह प्राणवायूशी जुळून तळाला बसल्याने झाले असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. आणि धानाच्या पानातला जो हिरवा कण सूर्यप्रकाश पकडतो, तो हरितलवकही एकेकाळी दुसऱ्या पेशीच्या पोटात शिरलेला सायनोबॅक्टेरियाच. पण हे सगळं फार जुनं. मला बोलायचंय ते नत्राबद्दल.

बांधीतला तो थर चिमटीने उचलून काचपट्टीवर ठेवा, पाण्याचा एक थेंब, वरून आच्छादन काच. आमच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. पंचेचाळीसच्या भिंगाखाली यांच्यातलीच ॲनाबीना दिसते: गोल-गोल पेशींची लांब लड, जपमाळेसारखी, आणि दहा-पंधरा मण्यांमागे एक मणी वेगळा. जरा मोठा, फिकट, जाड भिंतीचा, आणि शेजाऱ्यांना जिथे चिकटतो तिथे दोन्ही टोकांना चमकणारा ठिपका. दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, हे मनी मोठे काहून हायेत?" हा प्रश्न आला की त्या दिवशीचा तास मी तिथेच थांबवते आणि फक्त याच्यावर बोलते.

हवेत जवळजवळ ७८ टक्के नत्र आहे, पण धानाला त्यातला कणही थेट घेता येत नाही. नत्राच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट असते की कारखान्यात ती फोडायला मोठा दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागतं. हेच काम नायट्रोजिनेज नावाचं विकर बांधीच्या कोमट पाण्यात करतं. फक्त त्याची एक अडचण आहे: प्राणवायू लागला की ते निकामी होतं. आणि सायनोबॅक्टेरिया तर दिवसभर प्राणवायूच सोडतात. म्हणजे एकाच घरात दोन कामं आणि एकाने दुसरं बिघडतं. ॲनाबीनाने यावर तोड काढली ती या वेगळ्या मण्याची. त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात. तो प्राणवायू तयार करणारी आपली यंत्रणा मोडून टाकतो, भोवती जाड थर चढवतो, आणि आत फक्त नत्र बांधत बसतो. शेजारच्या पेशी त्याला साखर पुरवतात, तो त्यांना नत्र देतो. एकदा हेटेरोसिस्ट झालेली पेशी पुन्हा साधी होत नाही, विभागतही नाही. तिने स्वतःपुरतं वाढणं सोडून दिलेलं असतं.

मण्यांमधलं अंतर कोण ठरवतं, हे १९९८ मध्ये कळलं. हेटेरोसिस्ट होऊ लागलेली पेशी पॅटएस नावाचं एक छोटं प्रथिन तयार करते. ते शेजारी झिरपतं आणि जवळच्या पेशींना 'तुम्ही नको' असं बजावतं. जिथवर निरोप पोचतो तिथवर दुसरा हेटेरोसिस्ट होत नाही. मेंदू नाही, मुकादम नाही, आणि कामाची वाटणी इतकी नेमकी.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाण्यात तयार नत्र भरपूर असेल, तर ॲनाबीना हेटेरोसिस्ट करतच नाही. आयतं मिळत असताना ती का मेहनत घेईल? आपण रोवणा झाल्या-झाल्या युरिया फेकतो, त्या दिवसापासून बांधीतली ही फुकटची खतनिर्मिती बंद पडते. युरिया टाकलेल्या आणि न टाकलेल्या बांधीतल्या लडी मुलं शेजारी-शेजारी ठेवून बघतात, तेव्हा हा फरक सांगावा लागत नाही. एकीत मणी आहेत, दुसरीत शोधावे लागतात.

धानाच्या शेतातलं नत्र यांच्याकडून येतं हे सिद्ध करण्यात आपल्याकडच्या लोकांचा मोठा वाटा आहे. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये बंगालच्या धानशेतीवरचं काम प्रसिद्ध केलं. नंतर बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते शेतापर्यंत आणलं. वेंकटरामन यांची पद्धत कुणालाही घरी करता येते. उथळ हौद किंवा प्लास्टिक अंथरलेला खड्डा, त्यात आठ-दहा किलो माती, दोनेकशे ग्रॅम सुपर फॉस्फेट, चार बोटं पाणी, आणि वर विरजणापुरतं कल्चर. उन्हात दोनेक आठवड्यांत जाड थर येतो. पाणी आटू द्यायचं, पापुद्रे खरवडून वाळवून ठेवायचे, आणि रोवण्यानंतर आठवड्याने हेक्टरी दहा किलो फेकायचे. यातून हेक्टरी पंचवीस-तीस किलो नत्र मिळाल्याचे अनुभव नोंदलेले आहेत. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या चुंगडीत साधारण एकवीस किलो नत्र असतं, म्हणजे एकरी अर्ध्या चुंगडीच्या आसपास.

फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या लोकांनी मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच काळजीने मांडली आहे. बाहेरून टाकलेलं वाण पुष्कळदा टिकत नाही, स्थानिक जातीच वरचढ होतात. गोगलगायी ते खाऊन टाकतात. आम्लधर्मी जमिनीत ते वाढत नाही. त्यामुळे दुकानातल्या पाकिटावर एकरी इतका फायदा असं छापलेलं असतं, तेव्हा मी घेणाऱ्याला एवढंच सांगते की आधी आपल्या बांधीत जे आहे त्याला काम करू द्या. युरिया एकदम ओतू नका, हप्त्याने द्या, पहिला हप्ता हलका ठेवा. आमचे मामाजी पन्नास वर्षं धान लावतायत. त्यांनी मला जे उत्तर दिलं ते कुठल्याही कृषी पुस्तकात नाही: "युरिया टाकल्याबिगर धान कारं पडत नाही, अन् शेजाऱ्याचं कारं दिसलं तं मानूस घाबरते." हे खरं आहे. 'कारं', गर्द हिरवं शिवार म्हणजे चांगला शेतकरी, हा हिशेब गावात पक्का आहे. त्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय नुसतं विज्ञान सांगून भागत नाही. म्हणून यंदा घरची एकच बांधी त्यांनी कमी युरियावर सोडली आहे, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

ज्या बातमीने मी रात्रभर जागी राहिले ती एप्रिल २०२४ ची. गोष्ट सुरू होते १९९८ मध्ये. कॅलिफोर्नियाचे जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात एका अनोळखी, नत्र बांधणाऱ्या सायनोबॅक्टेरियाच्या डीएनएचा लहानसा तुकडा सापडला. तो जीव काही हाती लागेना. तिकडे जपानच्या कोची विद्यापीठात क्योको हागिनो एक सागरी शैवाल प्रयोगशाळेत जगवायच्या मागे होत्या, तेही दहा वर्षांहून जास्त काळ. शेवटी कळलं की झेर यांचा जीव हागिनो यांच्या शैवालाच्या पोटात राहतो. आणि २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जे छापून आलं ते असं: तो आता पाहुणा राहिलेलाच नाही. शैवालाची पेशी विभागते तेव्हा तोही तिच्याच ठेक्यावर विभागतो, आणि त्याला लागणारी बरीचशी प्रथिनं शैवाल तयार करून आत पाठवतं. म्हणजे तो पेशीचा अवयव झाला आहे. त्याला नायट्रोप्लास्ट नाव दिलं. नत्र बांधणारा पेशीतला अवयव याआधी कुणाला माहीत नव्हता. त्याने प्राणवायू तयार करणारी यंत्रणा पूर्ण टाकून दिलेली आहे. ॲनाबीनाचा मणी जे करतो, तेच यानेही केलं, दुसऱ्या वाटेने.

हरितलवक जसा पानात आला, तसा नायट्रोप्लास्ट उद्या धानात आला तर? शास्त्रज्ञ हा विचार करतायत. तो दिवस फार लांब आहे, आणि कुणी लवकरच येणार म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण निसर्गात हे एकदा घडलंय, एवढं आता पक्कं आहे. माझ्यासारखीला, जी दर खरिपात युरियाच्या रांगेत उभ्या बायका बघते, ही बातमी नुसती पुस्तकातली वाटत नाही.

धानाच्या शेतातलाच आणखी एक जीव सांगते. तैवानच्या शेतातून काढलेला, नाव आरएफ-१. त्याच्याकडे हेटेरोसिस्ट नाही, त्याची एकच पेशी. मग तो प्राणवायूची अडचण कशी सोडवतो? दिवसा प्रकाशाचं काम, रात्री नत्राचं. १९८६ मध्ये दिसलं की सतत उजेडात ठेवलं तरी तो ही पाळी चुकवत नाही, म्हणजे त्याच्या आत घड्याळ आहे. तोवर जिवाणूला घड्याळ असू शकतं हे फारसं कुणी मानत नव्हतं. पुढे नागोयाच्या ताकाओ कोंडो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका जातीत ते घड्याळ तीन प्रथिनांचं असल्याचं दाखवलं आणि २००५ मध्ये ती तीन प्रथिनं नुसत्या परीक्षानळीत ठेवून चालवून दाखवली. आणि २०२४ मध्ये मारिया लुईसा जबुर आणि कार्ल जॉन्सन यांनी आणखी पुढचं दाखवलं. काही दिवस रोज आठच तास उजेड देऊन वाढवलेले जिवाणू बर्फात ठेवले, तर मोठ्या दिवसांत वाढलेल्यांपेक्षा दोन-तीनपट जास्त जगले. दिवस लहान झाला म्हणजे थंडी येणार, हे त्यांनी ओळखलं. काही तासांत ज्याच्या पिढ्या बदलतात त्याला ऋतू कळतो! पेरणीच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसांना याचं मोल जास्त कळेल.

आता तलाव.

आमच्या पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. त्यावर धान पिकतं, त्यात ढीवर मासे धरतात, शिंगाडे लावतात, ढोरं पाणी पितात. बांधीतून निघालेलं पाणी उतारावरच्या पुढच्या तलावात जातं. त्याच्याबरोबर युरिया जातो, डीएपीतलं स्फुरद जातं, गोठ्याचं पाणी, कपड्यांच्या साबणाचं पाणी जातं. आणि तिथे त्या नत्रावर जगायला एक दुसराच सायनोबॅक्टेरिया टपून असतो, मायक्रोसिस्टिस. याला हवेतला नत्र बांधता येत नाही. त्याला तयारच हवा. म्हणजे जो युरिया बांधीतल्या ॲनाबीनाला कामावरून बसवतो, तोच तलावात मायक्रोसिस्टिसला पोसतो. मला या पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

चैत्र-वैशाखात पाणी उतरलं, वारा पडला, की सकाळी तलावाच्या एका कडेला हिरवा रंग सांडल्यासारखं दिसतं. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेने भरलेल्या, प्रथिनांच्या भिंतीच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांच्या जोरावर तो तरंगतो. हे बघायचा जुना प्रयोग आहे, क्लेबान नावाच्या जर्मन माणसाने १८९५ मध्ये केलेला. ते हिरवं पाणी जाड बाटलीत काठोकाठ भरायचं, बूच घट्ट बसवायचं, बाटली गोणपाटात गुंडाळायची आणि बुचावर हातोडीचा एक नेटका घाव घालायचा. दाबाने नळ्या फुटतात. गोणपाट काढलं की पाण्याचा रंग बदललेला असतो, आणि जे हिरवं मघा वर तरंगत होतं ते हळूहळू तळाशी बसायला लागतं. आमच्या मुलांनी हे हातमोजे घालून केलं. ती बाटली बराच वेळ खिडकीत होती आणि शेजारच्या वर्गातली मुलंही येऊन बघून गेली.

तलावावरचे एक म्हातारे ढीवर काका मला सांगत होते, "बाई, पहाटे मासोऱ्या वर येऊन तोंड उघडतेत. अन् त्यायले मातीचा वास येते, बाजारात कोनी घेत नाही." दोन्ही गोष्टींचं कारण हेच. दिवसा प्राणवायू सोडणारे हे जीव रात्री तो वापरतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. आणि मातीचा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, जो कित्येक सायनोबॅक्टेरिया तयार करतात. माणसाच्या नाकाला तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो.

वास त्रासदायक, पण विषारी नाही. विष आहे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर जातं. प्यायच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रात असं पाणी वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टोलीडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. त्या सूचनेत एक ओळ होती जी आपल्या गावागावांत सांगायला हवी: पाणी उकळू नका. उकळून हे विष जात नाही. उलट पेशी फुटून आतलं बाहेर येतं आणि पाणी आटल्याने ते जास्त दाट होतं. तलावात ब्लीचिंग किंवा मोरचूद टाकूनही तेच होतं. हिरवा थर मेला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच विष पाण्यात मोकळं असतं. बोत्सवानात २०२० मध्ये तीनशेहून अधिक हत्ती मेले, तिथल्या सरकारने सायनोबॅक्टेरियाच्या विषाकडे बोट दाखवलं, आणि २०२४ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून झालेल्या अभ्यासाने कोणत्या पाणवठ्यांवर हे घडलं असावं ते शोधलं.

प्रत्येक हिरवा तलाव विषारी नसतो, हेही तितकंच खरं. मायक्रोसिस्टिसच्या काही जाती विष करतात, काही करत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. त्यासाठी वेगळी रासायनिक तपासणी लागते. आमच्या भागात पाण्याची तपासणी होते ती फ्लोराइड, नायट्रेट, रोगजंतू यांची. तलावाच्या पाण्याची या विषासाठी तपासणी झालेली मी पाहिलेली नाही. उपग्रहाने बघता येतं, पण सायनोबॅक्टेरियाचा निळा रंग ओळखणारा पट्टा ज्या सेंटिनेल-३ उपग्रहावर आहे, त्याच्या चित्रातला एक ठिपका तीनशे मीटरचा. आमचा अख्खा तलाव त्यात दोन-चार ठिपक्यांत संपतो. म्हणून आपल्याला काठावर जाऊनच बघावं लागेल.

उपाय नक्की कोणता, यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका तळ्याच्या मध्ये पडदा लावून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्यात त्याबरोबर स्फुरदही. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. तेव्हापासून स्फुरद रोखा हा मंत्र झाला. पण चीनच्या ताइहू तलावात २००७ मध्ये मायक्रोसिस्टिसने वुशी शहरातल्या वीसेक लाख लोकांचं पाणी तोडलं, त्यानंतर नत्रही रोखलं पाहिजे असं म्हणणाऱ्यांची बाजू बळकट झाली. आपल्या तलावांसाठी मला दुसरं म्हणणं पटतं. आपल्याकडे दोन्ही एकाच उतारावरून येतात, आणि दोन्ही चुंगडीतूनच येतात.

काठावर जाऊन काय करायचं, तर एवढं. एक लांब काडी हिरव्या थरात फिरवून वर काढा. हिरवे लांब तंतू लोंबले तर ते साधं शेवाळ असायची शक्यता जास्त. काडीला रंग लागल्यासारखं झालं तर सावध व्हा. मग काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या, हात न लावता, बरणी बाहेरून पुसून फ्रिजमध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून लांब, न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलेलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर कडं करून तरंगत असेल तर सायनोबॅक्टेरिया धरा. तसं निघालं तर त्या कडेला ढोरं सोडू नका, पोरांना पोहू देऊ नका, कुत्र्यांनाही आवरा, आणि तिथले मासे साफ करताना आतडी आणि यकृत टाकून द्या. विष तिथेच जास्त साचतं.

साकोली, अर्जुनी मोरगाव, पवनी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही इकडच्या कुणी शिक्षकांनी, ढीवर सोसायटीतल्या कुणी किंवा शेतकऱ्यांनी हे करून बघितलं, तर तारीख, तलावाचं नाव, पाणी उतरलेलं की भरलेलं, त्याआधीच्या पंधरवड्यात खत पडलं होतं का आणि बरणीचा सकाळी काढलेला फोटो, एवढं मला पाठवा. आमची मुलं एक वही ठेवतायत. त्यात सध्या फक्त आमचाच तलाव आहे.